आलोशियसने सूज ओळखली

भुईगावच्या किनाऱ्यावर कोणी बुडालं की पोलीस आधी आलोशियसला फोन करतात, बाकीच्या यंत्रणेला मग. त्याची केळीची वाडी किनाऱ्याला लागून आहे म्हणून, आणि कुठल्या भरतीला गेलेला माणूस कुठल्या ओहोटीला कुठे लागेल हे त्याला कळतं म्हणूनही. पोहायला तो गावच्या बावखलात शिकला, म्हणजे गोड्या पाण्याच्या जुन्या तळ्यात, म्हशीचं शेपूट धरून. बाकीचं समुद्राने शिकवलं. रविवारी बाटल्या घेऊन आलेल्या पोरांना तो काठावरून ओरडतो, "आत जाऊ नका रे! काढायला मलाच यावं लागतं, आणि माझे गुडघे दुखतात!" पोरं हसतात. त्यातली काही सोमवारी सापडतात.

या कामाचे त्याने कधी पैसे घेतले नाहीत. नियम मात्र एक केला होता, घरच्यांना ताटकळत ठेवायचं नाही. पोलीस "बघू, शोध चालू आहे" म्हणत राहतात, आई बिचारी वाळूत बसून नवस बोलत राहते. आलोशियस सरळ तिच्यापुढे जाऊन बसायचा आणि सांगायचा. त्याची बायको फ्लॉसी म्हणायची, "या माणसाला वाईट बातमी पोटात ठेवता येत नाही. चांगली असेल तर आठ दिवस विसरतो."

त्याची नात एलिशा चार वर्षांची. हृदयाला जन्मापासून भोक. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, पडवीच्या पायऱ्या चढली तरी धापा टाकायची. आलोशियस तिला शेवग्याची शेंग म्हणायचा. ती त्याला ढोल म्हणायची, आणि त्याच्या पोटाकडे बघता ते अगदीच खोटं नव्हतं.

शेवटी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आईबापाला बसवून समजावलं की नंतर अंग सुजेल, घाबरायचं नाही. आई अँजेला 'ऑपरेशन' या शब्दापुढचं काही ऐकण्याच्या स्थितीत नव्हती. बाप फ्लॉईड मान हलवत राहिला. हे म्हाताऱ्याला सांगावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. म्हातारा त्या वेळी कँटीनमध्ये एका अनोळखी गृहस्थाला भरतीचं वेळापत्रक समजावत होता.

ऑपरेशन झालं. "उत्तम झालं," असा निरोप आला. संध्याकाळी एकालाच आयसीयूत सोडणार होते. फ्लॉईड औषधं आणायला खाली गेलेला, अँजेला उभी राहिली की तिला चक्कर येत होती. म्हणून आलोशियस गेला. सिस्टरने हात धुवायला लावले, गाऊन घातला आणि बजावलं, "लांबूनच बघा काका, हात लावू नका."

त्याने बघितलं.

खाटेवर एलिशा नव्हती. असलीच तर तिच्या नावाखाली कोणीतरी वेगळं ठेवलं होतं. गाल टम्म. पापण्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या. ओठ जाड, बाहेर वळलेले. मान नाहीच, आणि शेवग्याच्या शेंगांसारखी ती बोटं वेलची केळ्यांसारखी झालेली. हा चेहरा त्याने आयुष्यभर बघितला होता. पाण्यात राहिलेल्या माणसाचाच असा होतो. यंत्रं वाजत होती, छाती वरखाली होत होती. पण यंत्रं काय, चालू ठेवली की चालतात. सिस्टर काही बोलायच्या आत तो बाहेर आला. अँजेलापुढे गुडघे मोडून बसला आणि त्याने तिचे दोन्ही हात धरले.

"बाय," तो म्हणाला, "आपली चिमणी गेली."

अँजेलाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून लिफ्टपाशी उभी असलेली माणसं गप्प झाली. ती दारावर धावून गेली आणि मुठी आपटू लागली. इकडे आलोशियसने, नियम म्हणजे नियम, फ्लॉसीला फोन लावलाही.

दार उघडलं. मघाचीच सिस्टर, कृतिका, बाहेर आली.

"काय झालं? कोण गेलं?"

"माझी पोरगी!"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

अँजेलाने मागे बोट दाखवलं. सिस्टरने आलोशियसकडे बघितलं. "काका, तुम्ही डॉक्टर आहात का?"

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आधी अँजेलाला आत नेऊन पोरीच्या छातीचे ठोके ऐकवले आणि मग बाहेर येऊन बाकावर टेकल्या. "आजोबा, भोक बुजवायला हृदय थांबवावं लागलं. तेवढा वेळ तिचं रक्त नळ्यांतून मशीनमध्ये फिरत होतं. आपण तिला बरं करतोय हे शरीराला काय कळणार? त्याला वाटलं हल्ला झाला. सगळं सैन्य एकदम सुटलं. बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागल्या, आतलं पाणी अंगभर झिरपलं. मूल जितकं लहान, तितकं हे जास्त."

"म्हणजे बाहेरचं पाणी नाही?"

"नाही. तिच्याच रक्तातलं. थोडं आम्ही सलाईनमधून दिलेलं."

आलोशियस हिशेब लावू लागला. बुडालेल्या माणसासाठी समुद्राला शिव्या देता येतात, दारूला देता येतात, अगदीच काही नाही तर सरकारला देता येतात. इथे द्यायच्या कोणाला? पोरीच्या रक्ताला?

"उतरेल?"

"लघवी होऊ लागली की उतरायला लागेल. बहुतेक मुलांची उतरते."

"बहुतेक?"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या आत गेल्या.

अँजेला बाहेर आली. सासऱ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा, तुम्ही घरी जा."

घरी वेगळाच गोंधळ. पडवीत खुर्च्या लागलेल्या, मेणबत्त्या पेटलेल्या, शेजारचा रॉबर्ट पाद्रींकडे जायला निघालेला. फ्लॉईडचा फोन आला तेव्हा रॉबर्टला गाडी वळवावी लागली. फ्लॉसीने डोळे पुसले, नवऱ्याला दारातच गाठलं आणि सगळ्या गावासमोर सुनावलं, "हा मेलेल्यांचा माणूस! जिवंत माणसाकडे कसं बघायचं, हे याला माहीतच नाही!" जमलेली माणसं मात्र उठली नाहीत. आलोच आहोत तर म्हणून जपमाळेची प्रार्थना, रोझरी, सुरू झाली.

सूज दुसऱ्या दिवशी वाढली. ताप आला. लघवी जवळजवळ नाहीच. मग भुईगावात जे सुरू झालं ते गावाने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. चर्चमधून निघालेल्या म्हाताऱ्या एकमेकींना विचारत, "झाली का गं पोरीला?" मासेवाली टोपली उतरवायच्या आधी विचारी, "झाली का?" आलोशियस वाडीत केळीच्या बुंध्यांमधून नुसता फिरत होता. फोन वाजला की तो फ्लॉसीकडे द्यायचा. स्वतःच्या डोळ्यांचा त्याला भरवसा उरला नव्हता, आता कानांचाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी फ्लॉसी फोन कानाला लावून ओरडली, "झाली! भरपूर झाली!" आणि तिने क्रूसाची खूण केली. लघवीसाठी क्रूस केलेला गावात कोणी पाहिला नव्हता, पण हसलंही कोणी नाही.

पुढच्या दिवशी अँजेलाचा फोन आला, सरळ सासऱ्यालाच. "या. पण बघून काही बोलायचं नाही."

एलिशाच्या तोंडातली नळी काढली होती. चेहरा अजून अर्धा परका, अर्धा ओळखीचा. अँजेला उशाशी उभी होती. "आता हात लावलात तरी चालेल," कृतिका सिस्टर म्हणाली. आलोशियस पायथ्याशी गेला. हात पुढे केला, मागे घेतला, परत पुढे केला. शेवटी त्याने चादरीबाहेर आलेलं ते फुगलेलं पाऊल दोन बोटांनी धरलं.

एलिशाने पाऊल झटकन ओढून घेतलं.

विजेचा झटका बसावा तसा आलोशियस मागे सरला, स्टुलावर आदळला आणि तोंडावर हात धरून गदगदून रडू लागला. एवढ्या वर्षांत त्याच्या हातातून कोणी पाय ओढून घेतला नव्हता.

"हात गार आहेत तुमचे, पप्पा," अँजेला म्हणाली. "चोळून परत धरा."