हँडलला वेल्डिंग मारलेला पंखा

दुपारी आईला घेऊन साकोलीजवळच्या हायवेवरच्या नवीन हॉटेलात जेवलो. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून इथे लिहून राहिलो.

हॉटेलच्या दारातच धान उडवायचा जुना, हाताने फिरवायचा पंखा ठेवला आहे. त्याला सोनेरी रंग दिला आहे, वर लाइटिंग केली आहे, आणि लोक बाजूला उभे राहून सेल्फी काढून राहिले आहेत.

आईनं सवयीनं हँडल धरलं. ते हललंच नाही. मालक धावत आला. "मावशी, हात नका लावू. अँटिक पीस आहे."

"जाम काहून झाला, भाऊ?"

"जाम नाही झाला, वेल्डिंग मारली. लोकांचे पोरं फिरवत बसत होते."

हँडलची एक फेरी मारली की आतली पाती कितीतरी वेळा फिरावी, म्हणून कोणीतरी मोठ्या चाकाला लहान चाक जोडलं होतं. वारा पडो की लाइट जावो, कोंडा उडायचाच. सेल्फीवाले म्हणत होते, "काय डोकं होतं जुन्या लोकांचं." अरे, त्या डोक्यालाच तर या मालकानं वेल्डिंग मारली ना.

निघताना मालकानं आईला विचारलं, "असा आणखी एखादा तुमच्या गावात भेटेल का?"

"आमच्याच घरी हाय," आई म्हणाली. "पण थो फिरते. तुमच्या कामाचा नाही."

तुमच्याही हॉलमध्ये एखादं जुनं मशीन सजवलेलं असेल, तर खाली फोटो टाकू नका. उठा, त्याचं हँडल फिरवा, आणि काय झालं ते लिहा.