मेंढरं चरली चतुराबाईकडे

चतुराबाईशी वाद घालायला अंबडकडच्या त्या गावात कोणी धजत नसे. नवरा गेल्यावर आठ एकर वावर तिनं एकटीनं कसलं, आणि कसताना ती बैलांशी, गड्यांशी, वेळप्रसंगी आभाळाशीही भांडत आली. निजामी अमलातली, दुसऱ्या महायुद्धाची ती वर्षं होती. सरकारला सक्तीनं द्यायची लेव्हीची ज्वारी भरून झाली की दरवर्षी तिचा सवाल ठरलेला, "वावरातून पोती भरभरून जालन्याला जातेत. माघारी काय येतं? रिकामं पोतं! मंग जमिनीनं काय हवा खाऊन पिकावं?"

सवाल खोटा नव्हता. माळाकडच्या तुकड्यात त्या साली कणसं अंगठ्याएवढी लागली होती. आणखी एक साल असंच गेलं, तर तो तुकडा पडीक टाकावा लागणार होता. उपाय एकच. पुंजाराम धनगराचा कळप चार रात्री तिथं बसवायचा. दोनशे मेंढरांच्या लेंड्या आणि मूत जमिनीत मुरलं की पुढची दोन पिकं हसत येतात. ज्याच्या वावरात कळप बसतो त्यानं मेंढक्याला जेवू घालायचं आणि ज्वारी द्यायची, असा रिवाज. चतुराबाईनं ज्वारी आधीच देऊन टाकली. इथंच तिचं चुकलं.

पुंजाराम रोज सकाळी कळप तिच्या वावरात आणी. मेंढरं तुरीचा पाला, वाळली पानं, बांधावरचं गवत सगळं साफ करीत. दिवस कलला की तो त्यांना हाकलत नेई ते थेट शेजारच्या धर्मराजच्या वावरात, कारण विहीर तिथं होती. रात्रीचा मुक्कामही तिथंच. "उद्या बसवतो, अक्का," म्हणे. असे पाच उद्या झाले.

सहाव्या दिवशी चतुराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऊन उतरताच ती पदर खोचून बांधावर आडवी उभी राहिली.

"काय रे पुंजा, चरायला माझं वावर अन् हगायला धर्मराजचं? माझ्या जमिनीचा कस तुझी मेंढरं पोटात घालून रोज पलीकडं नेऊन टाकून राह्यली! ही चोरी न्हाई तर काय?"

"अक्का, जनावराला पाणी लागतं..."

"मंग पाजून माघारी आण! पाय मोडले का त्येंचे?"

विहिरीवर उभा राहून धर्मराज हसत होता. ते बघून ती आणखीच पेटली. धर्मराजच्या आज्यापासून सगळ्यांचा उद्धार झाला. तेवढ्यात एक मेंढरू येऊन तिच्या लुगड्याचा काठ चघळायला लागलं. अखेर पुंजारामनं हात जोडले.

"बसवतो आजपासून. चार रात्री, बिलकुल. पर एक इचारू? पाच दिस माझ्या मेंढरांनी नेलं, त्येचा येवढा बोभाटा केला. तुमच्या गोठ्यात दोन बैल, एक गाय, एक म्हैस. त्येंचा कडबा ह्याच वावरातला ना? त्येंचं शेण कुठं जातं?"

"कुठं म्हंजे? गोवऱ्या..." चतुराबाई म्हणाली.

"चुलीत," पुंजाराम म्हणाला. "बारा महिने." आणि तो कळप वळवायला गेला.

मनातल्या मनात त्याला शिव्या घालत ती घराकडे निघाली. मोठा आला मला शिकवणारा! मग चुलीत काय हातपाय घालायचे? पण जळणाला कपाशीच्या पऱ्हाट्या होत्या, तुरीच्या तुराट्या होत्या. भुरकन जळून जातात म्हणून तिनंच त्या कधी चुलीत घालू दिल्या नव्हत्या. हे आठवलं तशी ती जास्तच चिडली.

परसात सून नंदाबाई भिंतीवर गोवऱ्या थापत होती. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात, गोवरी जाड झाली म्हणून चतुराबाईनं तिच्या हातावर चापट मारली होती. तेव्हापासून एकही गोवरी जाड झाली नव्हती.

"बराबर जमल्यात ना, आत्याबाई?" नंदाबाईनं भीत भीत विचारलं.

चतुराबाईनं ओरडायला तोंड उघडलं. ओरडायचं कुणावर, तेच तिला कळेना. तिनं भिंतीवरची एक ओली गोवरी उचकटली आणि खताच्या उकिरड्यावर भिरकावली.

"लई चांगल्या जमल्यात," ती करवादली. "म्याच शिकवलं ना तुला!"

आणि ती दुसरी उचकटायला लागली.