कानाशी बोट

दारव्ह्याच्या माझ्या मावशीइतका मोबाइल मनावर घेणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. लोक निरोप वाचतात, ही त्याची उलटतपासणी घेते. कुणी गमतीनं रडका चेहरा पाठवला की लगेच हिचा सवाल, "काय झालं? कोन गेलं?" लहानपणी तापात मावशीचे कान गेले. मूकबधिरांच्या शाळेत ती हातांच्या खुणांनी बोलायला शिकली, पण घरी परतली तर त्या खुणा कळणारं कुणीच नव्हतं. आम्ही तिच्याशी कागदावर लिहून बोलायचो, तेही कामापुरतं.

एकदा मोबाइलमध्ये तिला कानाशी बोट नेलेला चेहरा सापडला. ऐकू न येणाऱ्यांसाठीचं चित्र. मावशी हरखलीच! "हा तं माहाच फोटू हाय, फक्त कुंकू नाही," असं तिनं झाडून सगळ्या नातेवाइकांना कळवलं आणि पेंटरला गाठून आपल्या ब्लाउज शिवायच्या दुकानाच्या पाटीवर तो चेहरा कुंकवासकट काढून घेतला. तेव्हापासून गिऱ्हाइकं दारातून ओरडायची थांबली आणि समोर येऊन वहीत लिहू लागली.

हेच चित्र एका रविवारी मी तिला पाठवलं. ती लांबलचक काहीतरी लिहीत होती, आणि मी यवतमाळला घरी लोळत, "ऐकतोय, सांग" अशा अर्थानं ते टाकून मोकळा झालो. दोन तासांत मावशी काळीपिवळी जीपमधून उतरून दारात हजर. पिशवीत कानाच्या डॉक्टरचा पत्ता आणि शाळेतलं खुणांचं जुनं पुस्तक. आल्याआल्या तिनं माझे दोन्ही कान उजेडाकडे पिरगाळून तपासले.

मी खरं काय ते कागदावर लिहिलं. तिनं पाठीत एक धपाटा घातला, "येड्या!" असं लिहिलं, देवाला हात जोडले. मग पुन्हा पेन उचललं.

"जीपमंदी रडत आली मी. पन एक घडी बरंबी वाटलं. वाटलं, आता घरात कोनी तरी माह्याशी बोलन. मंग माहीच मले लाज वाटली."

मला फार वाईट वाटलं. मी ते पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं. पहिली खूण जमायला मला अर्धा तास लागला.

आता दर रविवारी मी दारव्ह्याला जातो. मावशीचे हात क्षणभर थांबत नाहीत. शेजारणीच्या चुगल्या, शाळेतल्या मैत्रिणी, बाजारातली भांडणं, सगळं एका दमात. निम्मं माझ्या डोक्यावरून जातं. मावशी इतकी बडबडी आहे हे मला चाळिशीत कळलं. माझी आई, तिची सख्खी बहीण, ते न कळताच गेली.