डावी बाजू हलत नाही

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातल्या मोठ्या सिस्टरना सगळे पाठीमागे 'तुरटी' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, पण म्हणणाऱ्यांवर रागवावं इतकीही त्या लोकांची किंमत त्यांना वाटत नसे. बावीस वर्षं व्हेंटिलेटरवरची लेकरं सांभाळून त्यांचं मत पक्कं झालं होतं: यंत्राचं तोंड बघणारे डॉक्टर पैशाला पासरी, पोराची छाती बघणारा विरळा.

त्या सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले, मागे शिकाऊंचं लटांबर. चौथ्या खाटेवर न्यूमोनियाची सात महिन्यांची मुलगी होती. तिच्या तोंडातून आत घातलेल्या श्वासाच्या नळीची, लाळेनं सुटलेली चिकटपट्टी एका नव्या नर्सनं तासाभरापूर्वी बदलली होती. डॉक्टर यंत्राच्या पडद्याकडे बघत व्याख्यान झोडत होते.

"डॉक्टर, छातीची डावी बाजू हलत नाहीये," सिस्टर म्हणाल्या.

"ऑक्सिजन ब्याण्णव आहे, सिस्टर. आकडे खोटं बोलत नाहीत."

"आकडे श्वासही घेत नाहीत."

कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. तेवढ्यात ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर आला, यंत्र कोकलू लागलं आणि डॉक्टरांनी हवेचा दाब वाढवायला हात पुढे केला. सिस्टरनी तो मनगटाशी धरला.

"दाब वाढवू नका! फुप्फुस फुटेल. नळी आत सरकलीय. ओठाशी अकराची खूण होती, आता तेराची आहे. सगळी हवा उजवीकडेच जातेय."

सहा वर्षांपूर्वी असंच एका पोराचं फुप्फुस फुटलं होतं, हवा छातीत कोंडून ते पोर गेलं होतं. तेव्हा सिस्टर बघत होत्या आणि गप्प राहिल्या होत्या. डॉक्टरांना त्या कस्पटासमान लेखत. पण त्या दिवशीच्या स्वतःइतकं हलकं त्यांनी कुणालाच लेखलं नव्हतं.

एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप कानाला लावून छाती तपासली. "सर, डावीकडे आवाजच नाही."

सिस्टरनी मुलीचं डोकं धरलं, डॉक्टरीणबाईंनी नळी दोन सेंटिमीटर मागे घेतली. डावी छाती वर आली. ऑक्सिजन पंचाण्णव.

"मी तेच म्हणणार होतो," डॉक्टर म्हणाले.

"हो ना. उद्यापर्यंत म्हणाला असतात."

चार दिवसांनी नळी निघाली. मुलगी रडली, पण आवाज घोगरा, मांजरीच्या पिल्लाएवढा. आई घाबरली.

"हिचा आवाज गेला का हो?"

"नळीनं घसा सुजलाय. उतरेल सूज. मग तुम्हीच हात जोडून म्हणाल, 'बाई, गप्प बस!'"

डॉक्टर दारातूनच म्हणाले, "आमच्या टीमनं सरकलेली नळी अगदी वेळेवर पकडली हं!"

आई भारावली. "फार मोठे डॉक्टर आहेत ना?"

"फार मोठे," सिस्टर म्हणाल्या. "सरका जरा, पोरीचं तोंड पुसू दे."