उम्म हसनचा चहा

बहारीनमधल्या तिसऱ्या दिवशी मी एका अनोळखी माणसाच्या मोटारीचं दार उघडून आत बसलो आणि त्याच्या आईचा चहा पिऊन टाकला.

माझी बाजू अशी. धाकटा भाऊ सुनील इथे एसी दुरुस्तीच्या कामावर आहे, त्याची बायको मनीषा एका दवाखान्यात. 'दादा, एकदा या ना' असं ती बरीच वर्षं म्हणत होती. मी खरंच येईन, तेही महिनाभरासाठी, असं तिला वाटलं नसावं. विमानातून खाली पाहिलं तर सगळा देश भाजलेल्या रव्याच्या रंगाचा आणि त्याच्या कडेने हिरवट निळा समुद्र. झिंज भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर पोचलो, पोटभर बिर्याणी खाल्ली, झोपलो. सकाळी दोघं ड्यूटीवर निघून गेली. मागे उरलो मी आणि थर्मासभर चहा.

आता अडचण अशी की मला एकट्याने चहा जात नाही. चिपळुणात माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. टपरीकडे बघून मी दोन बोटं वर केली की एक चहा माझा आणि दुसरा त्या वेळी समोर जो उभा असेल त्याचा. मग तो गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, नाहीतर नुसता सावलीला थांबलेला असो. घेणार का, असं विचारायचं नसतं. विचारलं की माणूस नको म्हणतो. झिंजमध्ये मी थर्मास उघडून एक घोट घेतला, तो काढ्यासारखा लागला. दोन दिवस एसीशी गप्पा मारल्या. तो फार बोलत नाही. तिसऱ्या दिवशी ठरवलं, चहाला माणूस शोधायचा.

कोपऱ्यावर करकचं (वेलची घालून घट्ट उकळलेला दुधाचा चहा) दुकान होतं. बाहेर गाड्यांची रांग आणि सगळे हॉर्न वाजवत होते. आमच्या बाजारात हॉर्न वाजला की बाजूला व्हायचं. मी झालो. तिथेही मागून हॉर्न. सरकत सरकत शेवटी भिंतीला टेकलो. इथे चहासाठी कोणी गाडीतून उतरत नाही, हॉर्न दिला की दुकानातला माणूस बाहेर येऊन ऑर्डर घेतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यात घाम टिपायला मी खांद्यावर नॅपकिन टाकलेला.

एका पांढऱ्या गाडीची काच खाली आली. आत पांढराशुभ्र थोब (पायघोळ अंगरखा) घातलेला चाळिशीचा माणूस. माझ्याकडे बघून त्याने दोन बोटं वर केली. "दो करक. शक्कर कम."

मला गहिवरून आलं. परक्या देशात, ओळख ना पाळख, आणि हा माणूस मला चहा पाजतोय. शिवाय मला साखर कमी लागते हे त्याला कसं कळलं? मी "शुक्रिया" म्हणालो, गाडीला वळसा घातला, पुढचं दार उघडलं आणि त्याच्या शेजारी बसलो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग काय करावं ते न सुचून त्याने पुन्हा हॉर्न वाजवला. आता खरा दुकानातला माणूस आला, ऑर्डर घेऊन गेला आणि दोन करक घेऊन आला. मी माझा उचलला. त्याचं नाव हसन असल्याचं मी विचारून घेतलं, मुलं किती, घर स्वतःचं का, पाऊस कधी पडतो, हेही विचारलं. तो सगळ्याची उत्तरं देत होता. इतका सज्जन माणूस मी पाहिला नाही.

तेवढ्यात समोरच्या औषधाच्या दुकानातून काळा अबाया घातलेल्या एक आजी आल्या आणि माझ्या दाराशी उभ्या राहिल्या. त्यांनी मला पाहिलं, मग माझ्या हातातला कप पाहिला.

"ये कौन?" त्यांनी मुलाला हिंदीत विचारलं, बहुधा मला समजावं म्हणून.

"मालूम नहीं," हसन म्हणाला.

त्या मागच्या सीटवर बसल्या. "चाय कैसा है?"

"बहुत अच्छा है, अम्मा."

"मेरा है."

माझ्या डोक्यात सगळा उजेड एकदमच पडला. अख्ख्या बहारीनमध्ये मिळालेला एकुलता एक चहाचा सोबती मी पाच मिनिटांत घालवला होता. उतरलो, धावत जाऊन स्वतः एक करक आणला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक घोट घेतला आणि कप परत माझ्या हातात दिला. साखर कमी सांगायला मी विसरलो होतो, आणि मांडीवरच्या पिशवीत त्यांची मधुमेहाची औषधं होती. आता पळून जावं, एवढंच उरलं होतं. पण आजी म्हणाल्या, "जुम्मा को घर आओ. उधर चाय बहुत है."

संध्याकाळी हे ऐकून सुनील जेवताजेवता थांबला. "मी इथे इतकी वर्षं काढली दादा, मला अजून कोणी घरी बोलावलं नाही." मनीषाने तिथे कसं वागायचं याची उजळणी घेतली. मुद्दा एकच होता: नीट बघून मगच हात घाला.

शुक्रवारी हसन न्यायला आला. घरी उम्म हसन (हसनची आई, इथे आईला मुलाच्या नावानेच ओळखतात) ताटं मांडून बसल्या होत्या. बलालीत (गोड शेवया, वर ऑम्लेट), तंदूरचा गरम खुब्ज (रोटी), आणि वाटीत चिंचेच्या चटणीसारखं काहीतरी. मी नीट बघितलं. चटणीच होती. शेवयांवर सढळ हाताने ओतली.

ती महयावा होती, म्हणजे खारवलेल्या माशांची आंबवलेली चटणी. ती खुब्जला लावायची असते. पण पानात टाकायची मला लहानपणापासून बंदी. वेलची, केशर, साखर आणि सुका बांगडा एकाच घासात, असं करत मी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. या घरात रिकामं ताट म्हणजे पाहुणा अजून भुकेला आहे. उम्म हसन उठल्या, पुन्हा शेवया वाढल्या आणि मला आवडतं म्हणून स्वतःच्या हाताने वर महयावा ओतली. हसन भिंतीकडे तोंड करून हसत होता. त्या हसण्यावरून मला कळलं की सोबती काही गेला नाही.

मग रोज संध्याकाळी खाली पांढरी गाडी यायची आणि हॉर्न वाजायचा. आता मी बाजूला होत नव्हतो, जिना उतरत होतो.

परतीच्या दिवशी विमानतळावर सोडायला हसन आला, सोबत उम्म हसनही. मी शहाण्यासारखा मागे बसलो. वाटेत करकच्या दुकानाशी गाडी थांबली, हॉर्न वाजला आणि हसनने तीन बोटं वर केली. मी काचेतून दुसरीकडे बघू लागलो. कप हातात आल्यावर मात्र राहवेना. म्हटलं, "अम्मा, अब उधर बिना आप लोग के चाय कैसे पिऊंगा?"

उम्म हसननी मागे वळूनही पाहिलं नाही.

"किसी का भी गाडी में बैठ जाओ."