बाहीवरचा हात

आमच्या वसाहतीच्या समाजमंदिरात संध्याकाळी ज्युदो शिकवतात. चाळिशी उलटल्यावर मी तिथे जायला लागले. काल सरांनी मला रेवतीसमोर उभं केलं. रेवतीला जन्मापासून दिसत नाही. तिने चाचपत माझी कॉलर आणि बाही धरली.

"ताई, सगळा भार उजव्या पायावर टाकलाय. भीती वाटतेय का?"

मी 'नाही' म्हणेपर्यंत माझे पाय जमिनीवरून सुटले होते. पाठ गादीवर आदळली, पण डोकं टेकलं नाही. तिने बाही घट्ट वर ओढून धरली होती.

"लागलं नाही ना?"

मूठभर कापडातून तिला माझी भीती कळली होती. इतकी वर्षं माणसं मला बघत आली, पण मी कशी उभी आहे, हे कुणी असं ओळखलं नव्हतं.

उठले आणि म्हटलं, "पुन्हा धर."