घे वास, बाबा

काल संध्याकाळी धाकटा खेळून आला. त्याला जवळ घ्यायला मी हात पुढे केला, तर त्याने आपणहून दोन्ही तळवे माझ्या नाकाखाली धरले. "साबण लावून धुतलेत. घे वास, बाबा."

मुलांचे हात हुंगून बघायची सवय माझीच. दात घासले म्हणाले, की मी ब्रश ओला आहे का ते चाचपतो. खोलीत दोघं गप्प असले, की दार हळूच लोटतो. थोरला हसतो, "आज काहीच केलं नाही हं आम्ही!" मग तर मला जास्तच शंका येते. पोरं लबाड असतातच. पण बापाचा हात पुढे आला म्हणजे तपासणीच, हे सात वर्षांच्या मुलाला मीच शिकवलं.

तो तळवे पसरून निकालाची वाट बघत होता. मला म्हणायचं होतं, अरे, मी तुला कुशीत घेत होतो. पण आधी मी वास घेतला. साबणाचाच होता. आणि तरीही माझी नजर त्याच्या नखांकडे गेली.